संयुजा : मूलद्रव्यांच्या देण्याघेण्याचा हिशेब

रसायनशास्त्राच्या अभ्यासास नुकताच प्रारंभ केलेल्या विद्यार्थ्यास पहिला अडथळा कोठें लागतो, असें आम्हांस कोणी विचारिलें, तर 'संयुजेपाशीं' असेंच उत्तर आम्ही देऊं. ऑक्सिजन कसा तयार करावा, गंधक जाळल्यास काय होतें, हें सर्व तो आनंदानें पाहतो आणि वहींत लिहूनही घेतो. परंतु पदार्थाचें रेणुसूत्र मांडण्याची वेळ आली कीं त्याचा धीर सुटतो. सोडियमची संयुजा एक, कॅल्शियमची दोन, ॲल्युमिनियमची तीन, अशी यादी तो परीक्षेच्या आदल्या रात्रीं पाठ करितो व परीक्षेनंतर आठ दिवसांत विसरून जातो. पाढे कोणी असे विसरत नाहीं. कारण त्यांचा उपयोग बाजारांत रोज पडतो. संयुजेचा उपयोग काय, हें मात्र त्यास पुष्कळदां कोणी सांगितलेलेंच नसतें.

मागें एकदां आमच्या वर्गांतील एका मुलानें प्रश्न केला, "सर, सोडियमचा तुकडा पाण्यांत टाकला तर तो पेट घेतो, हें आपण दाखविलें. क्लोरीन हा विषारी वायु आहे, हेंही आपण सांगितलें. मग या दोहोंचें मिळून झालेलें मीठ आम्ही रोज जेवणांत खातों, तें कसें?" वर्ग हंसला. परंतु प्रश्न हंसण्यासारखा नव्हता. संयुजेचें सारें मर्म त्यांत आलें होतें. त्या दिवशीं तास संपल्यामुळें त्याचें उत्तर अपुरें राहिलें. तें आज येथें सविस्तर देण्याचें योजिलें आहे.

संयुजेची कल्पना ठाऊक नव्हती तेव्हां शास्त्रज्ञांची काय स्थिति होती, हें प्रथम पाहूं. इंग्लंडांतील मँचेस्टर शहरीं जॉन डाल्टन या नांवाचा एक शिक्षक होऊन गेला. प्रत्येक मूलद्रव्य सूक्ष्म अणूंचें बनलेलें असून प्रत्येकाच्या अणूचें वजन ठराविक असतें, हा सिद्धान्त त्यानें १८०८ सालीं ग्रंथरूपानें मांडिला. परंतु पाण्याच्या एका रेणूंत हायड्रोजनचे अणु किती व ऑक्सिजनचे किती, हें ठरविण्यास त्याच्याजवळ साधन नव्हतें. म्हणून त्यानें सर्वांत सोपी गोष्ट गृहीत धरिली : एकास एक. आतां पाण्याचें पृथक्करण करून तोललें, तर हायड्रोजनच्या १ भागास ऑक्सिजनचे ८ भाग सांपडतात. एकास एक अणु धरल्यास ऑक्सिजनचा अणु हायड्रोजनच्या अणूच्या ८ पट जड ठरतो. पण ऑक्सिजनच्या एका अणूस हायड्रोजनचे दोन अणु असतील, तर तो १६ पट जड ठरला पाहिजे. खरी गोष्ट ही दुसरी होय. एका रेणूंतील एक अणु मोजावयाचा राहिला आणि ऑक्सिजनचें वजन निम्म्यावर आलें ! ज्या ज्या पदार्थांत ऑक्सिजन आहे, त्या त्या पदार्थाच्या गणितांत हा घोटाळा शिरला. पुढें जवळजवळ पन्नास वर्षें एकाच पदार्थाचें सूत्र निरनिराळे रसायनज्ञ निरनिराळ्या रीतीनें लिहीत. अखेर १८६० सालीं जर्मनींतील कार्ल्सरुहे येथें त्यांची परिषद भरली, व इटलीच्या कानिझारो यानें अणुभार ठरविण्याची जी पद्धति पुढें मांडिली तिच्यामुळें हा गोंधळ हळूहळू मिटला.

दरम्यान त्याच मँचेस्टर शहरीं एडवर्ड फ्रँकलंड हा रसायनशास्त्राचा प्राध्यापक झाला होता. १८५२ सालीं त्यानें एका निबंधांत असें दाखविलें कीं, नायट्रोजन, फॉस्फरस, आर्सेनिक व अँटिमनी यांचीं संयुगें पाहतां, यांपैकीं प्रत्येक मूलद्रव्य इतरांचे तीन किंवा पांच वांटेच धारण करितें. वाटेल तितके धारण करीत नाहीं. म्हणजे प्रत्येक मूलद्रव्याच्या संयोगशक्तीस कांहीं मर्यादा आहे. संयुजेच्या कल्पनेचा उगम तो हाच. कर्बाच्या अणूस चार संयुजा आहेत, हें १८५८ च्या सुमारास केकुले व कूपर या दोघांनीं स्वतंत्रपणें प्रतिपादन केलें. १८६५ सालीं हॉफमन यानें लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें व्याख्यान देतांना क्रोके नांवाच्या खेळांतील लाकडी चेंडू घेऊन त्यांना काड्या बसविल्या. हायड्रोजनच्या पांढऱ्या चेंडूस एक काडी, ऑक्सिजनच्या तांबड्यास दोन, नायट्रोजनच्या निळ्यास तीन, कर्बाच्या काळ्यास चार. काडीस काडी जोडली कीं रेणु तयार ! ऑक्सिजनच्या दोन काड्यांना दोन हायड्रोजन जोडले कीं पाणी, व कर्बाच्या चार काड्यांना चार हायड्रोजन जोडले कीं मिथेन, हें श्रोत्यांना प्रत्यक्ष दिसलें. शाळेंतील मुलांना 'अणूचे हात' म्हणून जें सांगतात, तें या काड्यांचेंच दुसरें नांव होय. एखाद्या मूलद्रव्याचा एक अणु हायड्रोजनच्या किती अणूंशीं संयोग पावतो, किंवा संयुगांतून त्यांपैकीं कितींची जागा घेतो, ती संख्या म्हणजे त्याची संयुजा, अशी व्याख्या तेव्हांपासून रूढ आहे.

परंतु अणूंना हे हात कोठून आले? या प्रश्नाचें उत्तर १८९७ सालीं जे. जे. टॉमसन यानें इलेक्ट्रॉनचा शोध लाविल्यानंतर मिळूं लागलें. अणूच्या मध्यभागीं धन विद्युद्भाराचें केंद्र असून त्याभोंवतीं ऋण भाराचे इलेक्ट्रॉन कवचाकवचांनीं राहतात. सोडियमच्या अणूंत ११ इलेक्ट्रॉन : पहिल्या कवचांत २, दुसऱ्यांत ८ व बाहेरच्या तिसऱ्यांत १. क्लोरीनच्या अणूंत १७ : अनुक्रमें २, ८ व ७. निऑनच्या अणूंत २ व ८, आणि अर्गॉनच्या अणूंत २, ८ व ८. हे शेवटचे दोन वायु सहसा कोणाशींही संयोग पावत नाहींत. यावरून १९१६ सालीं जर्मनींत कोसेल व अमेरिकेंत लुईस यांनीं असें अनुमान काढिलें कीं, बाहेरच्या कवचांत आठ इलेक्ट्रॉन असणें ही स्वस्थतेची स्थिति होय, व इतर पुष्कळ मूलद्रव्यें संयोग पावतात तीं त्याच स्थितीस पोंचण्यासाठीं.

आतां त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळूं. सोडियमजवळ बाहेरच्या कवचांत एक इलेक्ट्रॉन अधिक आहे; तो देऊन टाकला कीं आंतील आठांचें कवच उघडें होतें. क्लोरीनजवळ एक कमी आहे. तो मिळाला कीं त्याचे आठ भरतात. सोडियम देतो व क्लोरीन घेतो. देणाऱ्यावर एक धन भार येतो आणि घेणाऱ्यावर एक ऋण भार. अशा भारयुक्त अणूस 'आयन' म्हणतात. सोडियम धातु पाण्यांत पेट घेतो, याचें कारण त्याचे अणु आपला अधिक इलेक्ट्रॉन पाण्यास देऊन टाकतात, आणि त्या व्यवहारांत मोठी उष्णता व हायड्रोजन वायु बाहेर पडतो. परंतु मिठांतील सोडियमनें आपलें देणें आधींच देऊन टाकिलेलें असतें. ज्याचें खातें बेबाक झालें, तो पुन्हां दारीं कशास जाईल? क्लोरीनचीही तीच गोष्ट. त्याचा घातकपणा एक इलेक्ट्रॉन हिसकावून घेण्याच्या हव्यासांत आहे. मिठांत तो हव्यास पुरा झालेला असतो. तात्पर्य, अणु व आयन यांचें नांव एक असलें तरी स्वभाव एक नाहीं. आपण खातों तें सोडियम व क्लोरीन यांच्या आयनांचें मीठ. त्या धातूचे व त्या वायूचे अणु आपण खात नाहीं.

यावरून आयनाची संयुजा म्हणजे त्यावरील भाराची संख्या, हें उघड होतें. सोडियम व पोटॅशियम एक देतात, मॅग्नेशियम, कॅल्शियम व जस्त दोन, ॲल्युमिनियम तीन. क्लोरीन, ब्रोमीन व आयोडीन एक घेतात. ऑक्सिजन दोन घेतो. कित्येक अणूंचे समूहही मिळून एकच आयन होतात : अमोनियमवर एक धन भार, नायट्रेटवर एक ऋण, सल्फेट व कार्बोनेट यांवर दोन ऋण, फॉस्फेटवर तीन ऋण. मात्र सर्वच संयोग देण्याघेण्यानें होत नाहींत. पाणी, मिथेन, साखर इत्यादि पदार्थांत अणु इलेक्ट्रॉन देऊन टाकीत नाहींत. दोघे एकेक इलेक्ट्रॉन सामाईक ठेवितात व ती जोडी दोघांच्याही हिशेबीं धरली जाते. भावाभावांची सामाईक विहीर दोघांच्याही मळ्यास पाणी देते, तसाच हा प्रकार.

सूत्र लिहिण्याचा नियम आतां पाठ करावयास नको. तो आपोआप निघतो. पदार्थ हातीं घेतला असतां विजेचा धक्का बसत नाहीं. अर्थात् त्यांतील एकूण धन भार व एकूण ऋण भार समान असले पाहिजेत. कॅल्शियमचे दोन धन, क्लोरीनचा एक ऋण. म्हणून कॅल्शियम क्लोराइडमध्यें एकास दोन. चुनकळींत कॅल्शियमचे दोन, ऑक्सिजनचेही दोन. म्हणून एकास एक पुरे. ॲल्युमिनियमचे तीन व ऑक्सिजनचे दोन. दोहोंचा लघुतम साधारण विभाज्य सहा. म्हणून ॲल्युमिनियमचे दोन व ऑक्सिजनचे तीन. पावसाळ्यांत गढूळ पाणी निवळण्यासाठीं जी तुरटी फिरवितात तिचा हिशेब पाहा. पोटॅशियमचा एक, ॲल्युमिनियमचे तीन, मिळून धन भार चार. सल्फेटचे प्रत्येकीं दोन ऋण. म्हणून सल्फेट दोन. यांखेरीज स्फटिकांत पाण्याचे १२ रेणु असतात. पण त्यांवर एकंदरींत भार नसल्यामुळें हिशेबांत फरक पडत नाहीं.

तुरटीनेंच पाणी कां निवळतें आणि मिठानें कां नाहीं, याचेंही कारण बरेंचसें संयुजेंत आहे. गढूळ पाण्यांतील मातीच्या अतिसूक्ष्म कणांवर ऋण भार असतो. त्यामुळें ते परस्परांस दूर लोटतात व खालीं बसत नाहींत. त्यांचा भार नाहींसा करण्याच्या कामीं तीन भारांचा ॲल्युमिनियम आयन एक भाराच्या सोडियम आयनापेक्षां तिप्पटच नव्हे, तर शेंकडों पट प्रभावी ठरतो. शिवाय पाण्यांत ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचा चिकट साका तयार होतो. तो कणांस गुंतवून तळाशीं नेतो. शहरांच्या जलशुद्धिकेंद्रांतून आजही तुरटीच्या जातीचे ॲल्युमिनियमचे क्षार वापरतात ते याच गुणासाठीं.

येथें एक सावधगिरीची सूचना. समान अंक दिसले कीं त्यांना भाग देऊन टाकण्याची संवय विद्यार्थ्यांस असते. सोडियम पेरॉक्साइडमध्यें सोडियमचे दोन व ऑक्सिजनचे दोन अणु आहेत; त्यास एकास एक करणें चूक होय. तेथें ऑक्सिजनच्या दोन अणूंनीं एकेक हात परस्परांत गुंतविलेला असतो, आणि त्या जोडीवर मिळून दोन ऋण भार असतात. जोडी फोडली तर तो पदार्थच राहत नाहीं. पाऱ्याच्या कॅलोमेल नांवाच्या क्लोराइडांतही पाऱ्याचे दोन अणु असेच परस्परांस धरून असतात. म्हणून त्याचें सूत्र पाऱ्याचे दोन व क्लोरीनचे दोन असेंच लिहिलें पाहिजे.

कोणी शंका घेईल कीं, डोळ्यांस न दिसणाऱ्या अणूंचे हे भार कोणी मोजले? उत्तर असें कीं, ते तराजूनें मोजतां येतात. मायकेल फॅरडे हा एका लोहाराचा मुलगा. लहानपणीं तो पुस्तकें बांधण्याच्या दुकानांत उमेदवार होता. 'आयन' हा शब्द १८३४ सालीं त्यानेंच प्रचारांत आणिला; मूळ ग्रीक भाषेंत त्याचा अर्थ 'जाणारा' असा आहे. विजेचा ठराविक सांठा द्रवांतून नेला असतां प्रत्येक धातु ठराविक वजनानेंच बाहेर पडतो, हें त्यानें प्रयोगानें सिद्ध केलें. एक अँपियरचा प्रवाह सुमारें २६.८ तास चालू ठेवला, तर चांदीच्या क्षारांतून सुमारें १०८ ग्रॅम चांदी बसते. मोरचुदाच्या पाण्यांतून तांबें ३१.८ ग्रॅमच बसतें. आणि वितळलेल्या ॲल्युमिनियमच्या संयुगांतून ॲल्युमिनियम अवघें ९ ग्रॅम निघतें. आतां या धातूंचे अणुभार पाहा : १०८, ६३.५ व २७. चांदीस एकानें भागा, तांब्यास दोहोंनीं, ॲल्युमिनियमला तिहींनीं. तींच वजनें येतात. ज्याच्या आयनावर तीन भार आहेत, त्याच्या एका अणूस तिप्पट वीज लागते. म्हणून तेवढ्याच विजेंत अणु एकतृतीयांश निघतात. संयुजा ही पुस्तकांतील कल्पना नसून तराजूच्या पारड्यांत उतरणारी वस्तु आहे, हें यावरून विद्यार्थ्यांनीं मनांत पक्कें ठसवावें.

आतां या विषयांतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट. कित्येक मूलद्रव्यांना एकाहून अधिक संयुजा असतात, आणि संयुजा बदलली कीं पदार्थाचा गुणधर्मही बदलतो. लोखंडाचेंच उदाहरण घ्या. त्याचा आयन कधीं दोन भारांचा असतो, कधीं तीन भारांचा. हिराकशींत तो दोन भारांचा आहे. पूर्वीं हिराकस व हिरडा यांची शाई करीत. ती ताजी असतांना फिकट उतरे. परंतु कागदावर वाळतां वाळतां हवेंतील ऑक्सिजनच्या योगानें लोहाचा तिसरा इलेक्ट्रॉन जाई, व तीन भारांचें लोह हिरड्यांतील तुरट द्रव्याशीं मिळून अक्षरें काळीभोर होत. तीन लोह व चार ऑक्सिजन असें ज्याचें सूत्र, त्या नैसर्गिक चुंबकदगडांत तर दोन्ही प्रकारचे आयन एकत्र नांदतात : एक दोन भारांचा व दोन तीन भारांचे, एकूण आठ. ऑक्सिजनचे चार अणु आठच घेतात. हिशेब बरोबर जुळतो.

पाऱ्याचें उदाहरण याहून गंभीर आहे. वर सांगितलेलें कॅलोमेल पाण्यांत जवळजवळ विरघळत नाहीं. एके काळीं डॉक्टर तें रेचक म्हणून देत असत. तें निर्धोक नव्हतें हें मागाहून कळून आलें, व आज तें वापरांतून गेलें आहे. परंतु पाऱ्याच्या एका अणूस क्लोरीनचे दोन अणु असलेलें दुसरें क्लोराइड पाण्यांत विरघळतें, आणि तें इतकें जहाल विष आहे कीं एखादा ग्रॅमही प्राणघातक होऊं शकतो. मूलद्रव्यें तींच, प्रमाण निराळें. सूत्रांतील लहानसा अंक चुकीचा लिहिला तर परीक्षेंत अर्धा गुण जातो. औषधाच्या बाटलीवर चुकला तर जीव जातो.

आणि हाच हिशेब आपल्या रक्तांतही चालूं आहे. रक्तांतील हिमोग्लोबिनच्या प्रत्येक रेणूंत लोहाचे चार अणु असतात, व फुप्फुसांतून ऑक्सिजन वाहून नेण्यासाठीं ते दोन भारांचे असावे लागतात. त्यांपैकीं एखाद्याचा आणखी एक इलेक्ट्रॉन जाऊन तो तीन भारांचा झाला, तर त्यास ऑक्सिजन धरून ठेवितां येत नाहीं. १९४५ सालीं अमेरिकेंतील आयोवा प्रांतांत डॉक्टर कॉमली यांनीं निळीं पडलेलीं तान्हीं मुलें पाहिलीं. त्यांचें दूध ज्या विहिरींच्या पाण्यांत कालवीत, त्या पाण्यांत नायट्रेट फार होतें. शरीरांत नायट्रेटचें नायट्राइट होतें, आणि नायट्राइटमुळें रक्तांतील लोह दोनाचें तीन भारांचें होतें. पाणी बदलतांच मुलें सुधारलीं. अशा रोग्यास मेथिलीन ब्लू नांवाचें औषध शिरेवाटे देतात. त्याचें काम म्हणजे लोहास गमावलेला इलेक्ट्रॉन परत मिळवून देण्यास साह्य करणें. एका इलेक्ट्रॉनचा फरक. पण बालकाचें आयुष्य त्यावर अवलंबून! शेतांत घातलेलीं नायट्रेटयुक्त खतें पाझरून विहिरींत जातात. म्हणून ही गोष्ट आपल्या गांवींही लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

आठांच्या नियमासही मर्यादा आहेत, हें सांगणें आमचें कर्तव्य आहे. फॉस्फरस व गंधक यांच्या कित्येक संयुगांत तो जसाच्या तसा लागू पडत नाहीं. जे वायु मुळींच संयोग पावत नाहींत असें मानीत, त्यांपैकीं झेनॉनचें संयुग १९६२ सालीं नील बार्टलेट यानें कॅनडांत तयार करून दाखविलें. नियम हा निसर्गाच्या अभ्यासासाठीं असतो. निसर्ग नियमाच्या आज्ञेंत नसतो.

जातां जातां तीन प्रश्न देतों. ते यादी न पाहतां सोडवावे. हाडांतील कॅल्शियम फॉस्फेटमध्यें कॅल्शियम व फॉस्फेट यांचें प्रमाण काय असावें? तीन भारांचें लोह ऑक्सिजनशीं कोणत्या प्रमाणांत मिळेल? आणि जितक्या विजेनें ३१.८ ग्रॅम तांबें बसतें, तितक्याच विजेनें ६५.४ अणुभाराचें जस्त किती बसेल? ज्यास हीं उत्तरें स्वतःच्या विचारानें सांपडलीं, त्यानें यादी खुशाल विसरावी. संयुजा तो विसरणार नाहीं. आणि ज्या मुलानें मिठाविषयीं तो प्रश्न केला, त्याचे आम्ही आभारी आहों. वर्ग हंसला तरी प्रश्न विचारावा, हा धडाही त्यानें आम्हां सर्वांस दिला.